विहीणबाईंचा उजवा हात

माझ्या विहीणबाई आपल्या उजव्या हाताला शिव्या द्यायच्या. जेवायला बसलं की तो हात थरथरायला लागायचा आणि वाटीतलं वरण ताटाबाहेर जायचं. मग त्या डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरायच्या आणि सगळ्यांदेखत म्हणायच्या, "गप बस की मुडद्या. माणसं बघाय लागल्यात." माझा मुलगा मान खाली घालायचा. सून म्हणायची, "अक्का, काय हे!" त्यावर उत्तर ठरलेलं होतं. "तुला न्हाई, त्याला बोलतोय. हात थरथरतोय, मी न्हाई थरथरत."

'बोलतोय' असंच म्हणायच्या. त्यांच्या मिरजेकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मी सिन्नरची, मला ते कानाला टोचायचं. टोचणाऱ्या गोष्टी त्यांच्यात आणखीही होत्या, त्या सांगणारच आहे. मी चौथी शिकलेली बाई. विहीणबाई होत्या तशा सांगते, गोड करून सांगणार नाही.

नवरा गेल्यावर मुलाने, संदीपने, मला रियाधला आणलं. तो इथे एका बँकेत कॉम्प्युटरचं काम बघतो. सून राजश्री मिरजेची. तिची आई म्हणजे या विहीणबाई. हाताची थरथर वाढली तेव्हा मुलीने त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. आम्ही विमानतळावर आणायला गेलो, तर सगळी माणसं बाहेर आली आणि या येईनात. शेवटी काचेतून दिसल्या. त्यांची बॅग उघडलेली होती. पापड, सांडगे, मसाल्याची पिशवी, आणि एका जुन्या लुगड्यात गुंडाळलेले पाने, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी. तपासणीचा सौदी पोरगा एक पाना वर धरून खुणेने विचारत होता, हे काय? विहीणबाईंनी तो पाना त्याच्या हातातून काढून घेतला, खाली वाकल्या आणि सामानाच्या ढकलगाडीचं वाजणारं चाक तिथल्या तिथे आवळून दिलं. गाडी पुढेमागे करून दाखवली. पोरगा हसला, म्हणाला, "यल्ला, यल्ला," म्हणजे चला, निघा. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "कसं हाय इहीणबाई? तुमच्या गावातली चाकं लई कुरकुरत्यात."

मी वरमाय. आमच्याकडे मुलीच्या आईने मुलाच्या आईपुढे जरा दबून बसायची रीत आहे. या बाईला दबणं माहीतच नव्हतं.

त्याला कारण होतं. त्यांचा नवरा मिरजेत स्कूटर दुरुस्त करायचा. तो लवकर गेला. तेराव्याला दीर कुलूप घेऊन आला, म्हणाला, वहिनी, गॅरेजला लावू, मग गिऱ्हाईक बघू. विहीणबाईंनी कुलूप हातात घेतलं, किल्ली फिरवून बघितली, त्यात दोन थेंब तेल सोडलं आणि दिराला परत दिलं. "कडक फिरत हुतं. आता तुमच्या दाराला लावा." दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेज उघडलं. बाईकडे गाडी कोण देणार? पुरुष देईनात. पण मिरजेत दवाखाने उदंड, आणि दवाखाने तिथे नर्सा. बिनगिअरच्या स्कूटरवर फिरणाऱ्या त्या पोरींना गॅरेजातल्या पुरुषांचं बघणं नको असायचं. त्या इकडे यायला लागल्या. त्यांच्यामागून त्यांचे भाऊ आले, नवरे आले. कुलूप आणणारा दीरही एक दिवस मोपेड ढकलत आला. विहीणबाईंना त्या गावात कोणी नावाने हाक मारायचं नाही. गॅरेजवाल्या अक्का. राजश्रीही त्यांना अक्काच म्हणायची.

रियाधला आल्यावर अक्कांना करायला काही नव्हतं. स्वयंपाक त्यांना येत नव्हता, आणि येत नाही हे सांगायची लाजही नव्हती. "भात हुतोय माझा. बाकी सगळं जळतंय." मग त्या घर आवळत सुटल्या. दारांच्या बिजागऱ्या, खुर्च्यांचे पाय, माझ्या कढईचा कान. काम झालं की हाताचा काळेपणा काढायला माझं बेसन घ्यायच्या. साबणाने निघत नाही म्हणायच्या. मी डबा वरच्या फळीवर ठेवला. त्यांनी स्टूल घेतलं. आमचं बोलणं बंद झालं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मुलांचा बेत मला ठाऊक होता. अक्कांना इथेच ठेवायचं, व्हिसा वाढवत राहायचा. मिरजेत त्यांचा मुलगा प्रकाश गॅरेजची शेड शेजारच्या औषधवाल्याला विकणार होता. शेड अक्कांच्या नावावर, म्हणून त्यांचा होकार हवा होता. रोज कोणीतरी गोडीने विषय काढायचं. अक्का म्हणायच्या, "मी मेलो न्हाई अजून," आणि उठून कशाचा तरी नट आवळायला जायच्या.

आता बग्गीचं सांगते. संदीपने दोन मित्रांबरोबर वाळूत चालवायची एक बग्गी घेतली आहे. चार मोठी चाकं, वर नुसता लोखंडी पिंजरा. शुक्रवारी शहराबाहेरच्या लाल वाळूत नेतात आणि टेकड्यांवर चढवतात. इतर दिवशी ती आमच्या भिंतीच्या आत उभी असते. अक्का आल्या दिवसापासून तिच्याभोवती फिरत होत्या. संदीपने एकदा बाजूचं झाकण काढून आतली वाळू हवेने उडवली तेव्हा त्यांनी आत डोकावून बघितलं आणि टाळीच वाजवली. "ही तर आमची स्कूटर की वो! नुसती दूध पिऊन मोठी झालीया."

मला त्यांनी समजावलं ते असं. इंजिनाच्या दांड्यावर दोन ताटं एकमेकांकडे तोंड करून बसवलेली असतात. मध्ये पट्टा. इंजिनाने वेग घेतला की ताटं जवळ येतात आणि पट्टा चिमटीत धरतात, म्हणजे गाडी ओढली जाते. या ताटांचा तो क्लच. चिमटीत वाळू गेली, धूळ गेली, तेल गेलं, की पट्टा घसरला. म्हणून ताटं कोरडी पाहिजेत. "आपल्या पापडाच्या पाटासारखी नगं. पोळपाटासारखी."

आणि हे सगळं ठाऊक असलेल्या बाईनेच खंडेनवमीला त्याच ताटांना तेल लावलं.

त्या दिवशी आम्ही भिंतीच्या आत, दार लावून पूजा केली. माझी विळी, राजश्रीचा लॅपटॉप, अक्कांचे पाने. मिरजेला त्या दरवर्षी हत्यारांना तेलाचं बोट पुसायच्या आणि वर हळदकुंकू लावायच्या. बग्गीचं झाकण उघडंच होतं. पाने झाले, हातोडी झाली आणि पूजेचं ताट तसंच हातात घेऊन त्या बग्गीकडे वळल्या. क्लचच्या ताटांवर छान तेल पुसलं, वर हळद, वर कुंकू. आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला. संदीपने फोटो काढला.

पुढच्या शुक्रवारी वाळूत गेलो. पहिल्याच टेकडीवर अर्ध्यात बग्गीचं इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि चाकं जागची हलेनात. रबर जळाल्याचा वास आला. झाकण उघडलं तर आत पट्टा काळा झालेला आणि सगळीकडे तेलात भिजलेलं कुंकू. अक्कांनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "मी केलं हे. बोटभर तेल. पण फिरत्या वस्तूला बोटभर बास हुतंय." मित्रांच्या जीपने बग्गी ओढून घरी आणली. 

जेवताना विषय निघाला. राजश्री म्हणाली, "अक्का, आता तरी ऐक. प्रकाशदादाने सगळं ठरवून ठेवलंय. तू फक्त हो म्हण."

"म्हंजे एक टिळा चुकला म्हनून माझं दुकान इकायचं?"

"टिळ्याचं नाही गं. हाताचं बोलतेय मी."

"हात न्हाई चुकला. हात बरोब्बर जागी गेला. डोस्कं झोपलं हुतं." अक्कांनी भाताचा घास घेतला. "इकायचंच तर डोस्कं इका. गिऱ्हाईक बघा कुठं मिळतंय का."

मला हसू आलं, ते मी पाण्याबरोबर गिळलं.

संदीप सासूला मामी म्हणायचा. समजुतीने म्हणाला, "मामी, जाऊ द्या. उद्या अल सुलैला उस्तादकडे गाडी टाकतो. तो क्लच काढून साफ करून देईल."

"मी बिघडवलं, मी काढनार."

"हा स्कूटरचा नाही. दांड्यावर रुतून बसलेला असतो. उस्तादलाही घाम फुटतो."

"मग लावा पैज."

संदीप हसला. त्याला वाटलं, तेवढाच विरंगुळा. "लावली. तुम्ही क्लच काढा, धुवा, परत बसवा आणि त्याच टेकडीवर गाडी चढवून दाखवा. मी तुमचं मिरजेचं तिकीट काढतो आणि शेड विकायचं नाव कोणी काढणार नाही. नाही जमलं तर प्रकाशला हो म्हणायचं आणि इथे सुखाने राहायचं."

"गड्यांनी हात लावायचा न्हाई."

"नाही लावत."

अक्का माझ्याकडे वळल्या. कित्येक दिवसांनी आमची नजर भिडली. "इहीणबाई, तुमी साक्षीला."

मी म्हटलं, "साक्षीला आहे. पण माझा भरवसा नाही हो तुमच्यावर."

"साक्षीला भरवसा लागत न्हाई. डोळं लागत्यात."

अल सुलै म्हणजे शहराच्या कडेची गोदामांची वस्ती. ट्रक, टायरांचे ढीग, पत्र्याच्या शेडी. राजश्री आम्हाला गाडीने घेऊन गेली. उस्ताद म्हणजे पेशावरकडचा एक दाढीवाला, अशा बग्ग्यांची दुरुस्ती करणारा. अक्कांनी अवजारं उसनी मागितली तेव्हा तो म्हणाला, "अम्माजी, यह मर्दों से नहीं खुलता. आप रहने दो."

अक्का त्यांच्या मिरजेच्या हिंदीत म्हणाल्या, "नई खुल्या तो तुम्हारेच पास लाती. तब हँसना. अब्बी से कायकू हँसते?"

तो खरंच हसला, पण अवजारं दिली. क्लच धरून ठेवायची एक पट्टी, घट्टपणा मोजणारा एक लांब पाना, आणि एक जाडजूड लांब बोल्ट. त्याला पुलर म्हणतात. तो क्लचच्या मधल्या भोकात फिरवत न्यायचा, तो आतल्या दांड्याला रेटतो आणि क्लच सुटून बाहेर येतो. उस्ताद म्हणाला, थंड मुलखात बर्फावर चालणाऱ्या गाड्या असतात, त्यांनाही हाच क्लच असतो आणि तिथेही लोक त्याला असेच रडतात. अक्का म्हणाल्या, "वाळू काय, बरफ काय. घसरतंय ते घसरतंय." निघताना त्याने बजावलं, वाकडा बोल्ट घातला तर भोकातले आटे जातील, मग क्लच कापूनच काढावा लागेल. आणि ताटाला हातोडी मारली तर ताट तडकेल.

सुट्टीच्या दिवशी सकाळी अक्का गोधडी अंथरून बग्गीशेजारी बसल्या. संदीप चहाचा कप घेऊन समोर खुर्चीत. चहा संपल्यावर त्याने हात खिशात घातले, हात लावायचा नाही म्हणून. राजश्री दारात उभी.

जळका पट्टा निघाला. मधला मोठा बोल्ट आवळलेला होता. अक्कांनी मला बोलावलं. "इहीणबाई, ही पट्टी धरा. सोडू नगा." मी म्हटलं, मी साक्षीदार आहे. म्हणाल्या, "गडी नगं म्हनून ठरलंय. तुमी काय गडी हाय?" मी पट्टी धरली. त्यांनी पान्याच्या दांड्यात पाण्याच्या नळाचा पाईप खुपसला आणि पाईपच्या टोकावर अंग टाकलं. बोल्ट करकरला आणि सुटला. "पाईप लांब असंल तर वय लागत न्हाई," म्हणाल्या.

पण पुलर घालताना हात आडवा आला. बोल्टाचं टोक भोकाच्या तोंडाशी नाचायला लागलं. टक टक टक, लोखंडावर लोखंड. एक आटा तिरका गेला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. राजश्रीने तोंड फिरवलं. संदीप खुर्चीतून पुढे झाला आणि परत मागे टेकला. अक्का हाताला म्हणाल्या, "नाच तू. तुझं झालं की मला सांग." मग त्यांनी मला बोल्ट दोन्ही हातांनी नुसता सरळ धरायला लावला आणि स्वतः तो उलटा फिरवला. मी म्हटलं, उलटा का? "आदी उलटाच फिरवायचा. आट्यात आटा बसला की आतनं टुक्कन सांगतंय." फिरवत राहिल्या. माझ्या बोटांना कळलं, टुक्. तेव्हा त्यांनी सुलटा फिरवला आणि बोल्ट लोण्यात जावा तसा आत गेला.

क्लच मात्र हलेना. पाईप लावून आवळलं, बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे ठोके दिले, पुन्हा आवळलं. काही नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. अक्कांच्या पाठीवर घाम आणि हाताला कापरं, नुसता हातच नाही, खांद्यापर्यंत. संदीपने उस्तादला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. उस्ताद म्हणाला, पुलर काढून भोकात ग्रीस भरा आणि परत घाला. ग्रीसला जायला जागा नसते, ते क्लचला बाहेर ढकलतं.

"ग्रीस न्हाई," अक्का म्हणाल्या. "तेलानं तर वाटोळं केलंय. आता तेलातुपाचा एक थेंब आत जाऊ देनार न्हाई."

संदीप म्हणाला, "मामी, नाहीच म्हणत बसलात तर कसं व्हायचं? दमलात तुम्ही. खलास म्हणा आणि उठा. पैज राहू द्या."

अक्का जमिनीकडे बघत बसल्या. मग मला विचारलं, "कनिक मळलीया का वो?"

"अजून नाही."

"मळा. पोळ्यांची मऊ नगं. पुरीची असती त्याहून घट्ट. मीठ नगं, तेल नगं."

मी यंत्रातली नाही, पण कणकेतली आहे. पाण्याचा हबका मारून मारून अशी मळली की बोट रुतेना. परातीसकट बाहेर आणली. अक्कांनी बोटाने दाबून बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्या घरात माझ्या स्वयंपाकाचं त्यांनी केलेलं एवढंच कौतुक. कणकेच्या वाती करून त्या भोकात भरत गेल्या आणि माझ्या डावाच्या दांड्याने ठासत गेल्या. बोल्टच्या आट्यांना नळाची पांढरी टेप गुंडाळली आणि पुन्हा तोच उलटा-सुलटा प्रकार करून पुलर घातला. "भोकात बुशाची नळी अडकली की मी पावाचा लगदा भरतोय मिरजंला. जानार कुठं? म्होरं बोल्ट, मागं दांडा. मग ढकलतंय."

पाईपवर त्या टेकल्या. मीही टेकले. दोन म्हाताऱ्या एका पाईपवर. कडेने कणकेची एक बारीक शेवई बाहेर आली. राजश्री म्हणाली, "अक्का, पुरे." अक्का म्हणाल्या, "रेटा." कुकरचं झाकण उडावं तसा आवाज झाला आणि क्लच सुटून गोधडीवर आला. माझ्या कपाळावर कणीक उडाली होती.

अक्का हसल्या नाहीत. उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाल्या, "बघितलंस?"

पुढचं काम सावकाश केलं. क्लच उघडायच्या आधी राजश्रीची नेलपॉलिश मागून त्याच्या सगळ्या भागांवर एका रेषेत लाल खूण केली, म्हणजे जसा होता तसाच परत जुळेल. आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते. स्क्रू एकदम काढले तर झाकण तोंडावर येतं, म्हणून मी वरून दाबून धरलं आणि त्यांनी एकेक स्क्रू थोडाथोडा सैल केला. मग मी गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि हिरवी घासणी घेऊन बसले. ताटांच्या खाचांत हळद, कुंकू, तेल आणि जळलेलं रबर यांची चिकट खळ झाली होती. मी हळूहळू घासत होते. अक्का म्हणाल्या, "जोर लावा की."

"पूजेचं आहे हो."

"देवाला तेल चालतंय. क्लचला चालत न्हाई. देवाला बी ठाऊक हाय ते."

रियाधच्या उन्हात ताटं वाळायला वेळ लागत नाही. स्पिरिटने पुसून, खुणेला खूण जुळवून, उस्तादकडून आणलेला नवा पट्टा घालून त्यांनी सगळं बसवलं. घट्टपणाचा पाना 'टक्' करेपर्यंत आवळला. त्या 'टक्'सरशी संदीपने खिशातून हात काढले आणि टाळ्या वाजवल्या. अक्का आत गेल्या, माझ्या बेसनाचा डबा घेतला आणि हात धुतले. डबा मी खालच्या फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी लाल वाळूत गेलो. चालवायला अक्काच बसल्या. राजश्रीने अडवलं तर म्हणाल्या, "ह्या गाडीत सगळंच थरथरतंय. माझा हात कुनाला दिसतोय?" पट्टे बांधले, डोक्यावर हेल्मेट, खाली लुगडं. त्याच टेकडीवर बग्गी एका दमात चढली. वर जाऊन थांबली. इंजिन बंद झालं.

संदीप खालून ओरडला, "वा मामी! या आता खाली. घरी जाऊन बोलू."

'घरी जाऊन बोलू' म्हणजे काय ते अक्कांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. अक्का वरून म्हणाल्या, "तिकीट काढा, मग येतो."

"इथे खाली रेंज नाही, मामी."

"हितं वर हाय. या वर."

आम्ही सगळे वाळूत पाय रुतवत वर गेलो. माझे गुडघे बोंबलत होते. अक्का पिंजऱ्यात बसून होत्या, पट्टेही सोडले नव्हते. संदीप धापा टाकत म्हणाला, "मामी, ती पैज गमतीची होती. तुम्ही जिंकलात, मान्य. पण तिकडे एकट्या असताना काही झालं म्हणजे?"

"हितं काय झालं म्हंजे?"

"इथे आम्ही आहोत."

"व्हय. हितं मेलो तर जावयाकडची म्हातारी मेली म्हनतील. तितं गॅरेजवाली अक्का मेली म्हनतील." मग राजश्रीकडे बघून जरा हळू म्हणाल्या, "रडू नगं. मी काय येडी न्हाई. हात एक दिवस ऐकनार न्हाई, ठाऊक हाय मला. त्या दिवशी कुलूप घालीन. पर मी घालीन. दुसऱ्यानं आनलेलं कुलूप मी नवरा गेल्यावर घेतलं न्हाई, आता काय घेनार?"

संदीपने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, आई आपल्या बाजूने बोलेल. मी म्हटलं, "मी साक्षीला होते. फोन काढ."

त्याने टेकडीवर उभं राहून तिकीट काढलं. अक्कांनी त्याला तारीख मोठ्याने वाचायला लावली आणि मगच खाली आल्या.

विमानतळावर मी वाटेसाठी पोळ्या दिल्या. त्यांनी डबा उघडून बघितला, म्हणाल्या, "कनिक मऊ हाय न्हवं? न्हाईतर इमानाचा क्लच निघायचा." गेल्या. मागे वळून बघितलं नाही.

त्यानंतर फोन यायचे. मी विचारायचे, हात? त्या म्हणायच्या, "हाय की. नाचतोय. नर्सा म्हनत्यात गोळी बदला. गोळी बदलली, तरी नाचतोय." मग कोणाच्या स्कूटरचं काय झालं ते सांगायच्या. मला निम्मं कळायचं नाही. तरी ऐकायचे. खंडेनवमीला बजावायच्या, "बग्गीला कुंकू भायरनं लावा. तेल घरात ठेवा."

एक दिवस अवेळी फोन आला. "इहीणबाई, काल कुलूप घातलं."

मी विचारलं, "कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. एक नट बसंना. उलटा फिरवला, सुलटा फिरवला. टुक्क म्हनंना. गिऱ्हाईक पोरगी चांगली, गप उभी ऱ्हायली. मी तिला म्हटलं, दुसरीकडं जा बाई. सांजच्याला कुलपात तेल घातलं आनि लावलं. पाने माझ्या पसंतीनं वाटून टाकले. किल्ली हातात हाय माझ्या."

"प्रकाशला कळवलं?"

"आज सांगतो. आदी तुमाला सांगितलं. साक्षीला तुमी हुता."

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. त्या गेल्याचं सांगायला प्रकाशने फोन केला तेव्हा राजश्री आत रडत होती, म्हणून मी घेतला. प्रकाश म्हणाला, "मावशी, शेवटी अक्काचा हात अगदी शांत झाला होता. सगळी थरथर थांबली होती."

मी म्हटलं, "हाताचं मला नको सांगू. अक्का गप्प झाल्या होत्या का?"

"नाही. सकाळीच नर्सला म्हणाली, खाटेचं चाक कुरकुरतंय, पाना आणा."

म्हटलं, "मग ठीक आहे."